साधा मंगळवार कसा जातो?

“एकदाचं मुलीचं लग्न झालं की सुटलो.” “फ्लॅटचा ताबा मिळू दे, मग बघ.” “हे कर्ज फिटलं की गावाकडं जाऊन निवांत राहायचं.” सुखाचा विषय निघाला की आपल्याकडं बोलणं बहुतेक असंच सुरू होतं. यात खोटं काही नसतं. जबाबदाऱ्या खऱ्या असतात आणि त्यांचं ओझंही खरं असतं. पण लग्न पार पडतं, ताबा मिळतो, कर्जसुद्धा फिटतं आणि सहा-आठ महिन्यांत त्याच माणसाच्या तोंडी पुढची अट येते. मुलीचं झालं, आता मुलाचं. घर झालं, आता त्यात फर्निचर. सुख कायम पुढच्या तारखेला.

म्हणून सुखाबद्दल कुणी विचारलं की मी त्यांना उलट विचारते, तुमचा साधा मंगळवार कसा जातो? मंगळवार अशासाठी की त्या दिवशी सुट्टी नसते, सण नसतो, घरात पाहुणे नसतात. सकाळी दूध येतं, डबे भरले जातात, माणसं कामाला जातात, संध्याकाळी थकून परततात. वर्षातले पाच-पंचवीस दिवस सोडले तर आपलं सगळं आयुष्य अशाच दिवसांचं असतं. या दिवसात थोडी गोडी असेल तर माणूस सुखी आहे, असं मी खुशाल मानते. ती नसेल, तर वास्तुशांत कितीही थाटात झालेली असली तरी फरक पडत नाही.

मोठ्या घटनांची आपल्याला सवय होऊन जाते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना काही प्रश्न विचारले. लॉटरी न लागलेल्या २२ जणांना आणि अपघातात शरीर लुळं पडलेल्या २९ जणांनाही तेच विचारलं. लॉटरीवाले लॉटरी न लागलेल्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण आपण बाहेरून समजतो तितके खचलेलेही नव्हते. माणसं थोडी होती, त्यामुळं या अभ्यासावर फार भार टाकू नये. तरी त्यातली एक नोंद विचार करण्यासारखी आहे. सकाळची न्याहारी, मित्राशी गप्पा, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक, अशा रोजच्या गोष्टींची गोडी लॉटरीवाल्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होती. मोठा आनंद येऊन गेला आणि त्यांचा मंगळवार फिका करून गेला.

मात्र सवय सगळ्याचीच होते असं नाही, आणि इथं आपण फार फसतो. मोठ्या बेडरूमची सवय महिन्याभरात होते. रोजच्या दगदगीच्या प्रवासाची सवय वर्षानुवर्षं होत नाही. अलॉइस श्टुत्सर आणि ब्रूनो फ्राय या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या वर्षानुवर्षांच्या पाहणीतून २००८ साली हेच दाखवलं. लांबून कामाला येणारी माणसं आयुष्याबद्दल कमी समाधानी होती. स्वस्त घर किंवा जास्त पगार यांनी ती तूट भरून निघत नव्हती. मुंबई-पुण्यात घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, क्लबहाउस बघतो, देवघराची दिशा बघतो. माझं सांगणं एवढंच, की टोकन देण्याआधी एखाद्या मंगळवारी त्या इमारतीपासून कामाच्या ठिकाणापर्यंत ऐन गर्दीच्या वेळी स्वतः जाऊन या. संध्याकाळी परतीचा प्रवासही करा, स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यासकट. घरातली दोन माणसं नोकरी करत असतील तर दोघांनीही जावं. मग ठरवा. जवळचं लहान घर परवडत असेल, तर ते घेणाऱ्याला नातेवाईक वेड्यात काढतील. काढू देत.

बेकारीचंही तसंच आहे. जर्मनीतल्याच पाहणीवरून असं दिसलं, की ज्यांची नोकरी गेली त्यांचं समाधान पुन्हा नोकरी लागल्यावरही सरासरीनं पूर्वीच्या पातळीवर येत नाही. तेव्हा घरात नोकरी गमावलेला मुलगा असेल, तर “होईल सवय, मन खंबीर कर” एवढ्यावर त्याची बोळवण करू नका. त्याला पैशाइतकीच रोज सकाळी घराबाहेर पडायला एखाद्या कारणाची गरज असते. ओळखीच्या दुकानात चार तास बसणं असेल, कुणाच्या मुलांची शिकवणी असेल, पगार तुटपुंजा का असेना.

पैशाबद्दल थोडं सरळ बोलायला हवं. पैशानं सुख मिळत नाही, हे वाक्य ज्याच्या खिशात पैसा आहे त्यानं ज्याच्याकडं नाही त्याला ऐकवू नये. कांद्याचा भाव पडल्यावर गाडीभाडंही न सुटलेल्या शेतकऱ्याला त्या वाक्याचा काय उपयोग? २०२३ साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ, डॅनियल कानेमन आणि बार्बरा मेलर्स यांनी अमेरिकेतली माहिती एकत्र तपासली, तेव्हा बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच जाताना दिसलं. पण ते वाढतं पटीच्या हिशेबानं. वीस हजारांचे चाळीस हजार झाले की जेवढी भर पडते, तेवढीच भर दोन लाखांचे चार लाख झाल्यावर पडते. आणि जे मुळातच फार दुःखी होते, त्यांच्या बाबतीत एका मर्यादेपुढं वाढीव पैसा कामाला येत नव्हता. मी यातून घरगुती निष्कर्ष असा काढते, की पैसा आधी काळजी मिटवण्यासाठी वापरावा. चढ्या व्याजाचं कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी, सोनाराकडं गहाण पडलेल्या बांगड्या यांचा निकाल आधी लावायचा. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवायचा. रात्री डोळा लागतो की नाही, हे नव्या गाडीपेक्षा या गोष्टींवर जास्त अवलंबून असतं.

त्यानंतर उरलेल्या पैशातला थोडा दुसऱ्यासाठी खर्च करून बघा. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काही जणांना सकाळी पाकिटात पाच किंवा वीस डॉलर दिले. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत स्वतःवर खर्च करा. बाकीच्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणासाठी खर्च करा. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च केलेली माणसं जास्त खूश होती, आणि रक्कम पाच होती की वीस यानं फरक पडला नाही. गंमत म्हणजे असं काही होईल असं आधी विचारलेल्या लोकांना वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं, स्वतःवर वीस डॉलर उधळण्यातच जास्त मजा. आपल्याकडं देण्याची रीत आहेच, पण ती बरीचशी आहेर आणि पाकिटं यांत अडकली आहे, आणि तिथं परतफेडीची वही असते. मी म्हणते ते देणं वहीत न लिहिण्याचं. कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला दहावीची गाईडं आणून द्या, पण तिलाच बरोबर नेऊन, तिला हवी ती निवडू द्या. दिलेलं कुठं पोचलं हे डोळ्यांनी दिसलं की त्याची गोडी कितीतरी जास्त लागते.

आता माणसांकडं येऊ, कारण मंगळवार खरा त्यांच्यावर तोलला जातो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे. ७२४ पुरुषांपासून सुरुवात झाली. काही हार्वर्डचे विद्यार्थी, तर बाकीची बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं. दर थोड्या वर्षांनी त्यांना भेटायचं, रक्त तपासायचं, घरी जाऊन बोलायचं. पुढं त्यांच्या बायका आल्या, मुलं आली. अभ्यासाचे चौथे प्रमुख रॉबर्ट वॉल्डिंगर सांगतात, की पन्नाशीत जी माणसं आपल्या नात्यांत समाधानी होती तीच ऐंशीत जास्त निरोगी राहिली, आणि याचा अंदाज कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांवरून चांगला लागला. सगळी नाती गोड होती असंही नाही. काही जोडपी रोज भांडायची. पण वेळ आली की हा माणूस माझ्यासाठी उभा राहील, ही खात्री दोघांनाही होती.

हे वाचून आपण मान डोलावतो आणि जुन्या मैत्रिणीला मेसेज टाकतो, ‘भेटू या गं एकदा.’ ती उत्तर देते, ‘हो नक्की.’ वर्ष जातं. माझ्या पाहण्यात टिकलेल्या मैत्र्या सगळ्या वार आणि वेळ ठरलेल्या आहेत. गावातलं भजनी मंडळ दर गुरुवारी बसतं, म्हणून ते चाळीस-चाळीस वर्षं चालतं. कुणी बोलावणं पाठवत नाही, गुरुवार आला की माणसं पेटी-पखवाजासकट जमतात. तुमच्या मित्रांचा गट असेल तर दर महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी आठ, अमुक हॉटेलात मिसळ, असं ठरवून टाका. दोघेच आले तरी चालेल, पण वार मोडायचा नाही. लांबच्या बहिणीला फोन करायचा तर दर मंगळवारी भाकऱ्या झाल्यावर, असं काहीतरी ठरलेलं असू द्या. पहिले दोन-तीन आठवडे बोलायला काही सुचत नाही. मग तिच्या सोसायटीतल्या भांडणाचा पुढचा भाग ऐकायला तुम्हीच उत्सुक असता.

मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात हे सगळं वेगळं शिकवावं लागत नाही. सकाळची ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. आत शिरताच “कुठं उतरणार?” हा प्रश्न, मग चौथ्या सीटवर अर्धं टेकायला मिळतं. परतीच्या गाडीत मांडीवर पिशवी घेऊन कुणी मेथी निवडत असतं. पानं डब्यात, देठं पिशवीत, आणि शेजारची अनोळखी बाई बोलता बोलता त्यातली एक जुडी आपल्याकडं ओढून घेते. कुणाला सातवा महिना लागला की डब्यातच डोहाळजेवण होतं, हिरव्या बांगड्या भरल्या जातात, ओटी भरली जाते. रोजची एखादी तीन दिवस दिसली नाही की चौथ्या दिवशी तिला फोन जातो. गर्दीचे हाल मी वर सांगितलेच आहेत आणि ते मागं घेत नाही. पण ज्यांना घर बदलणं शक्य नाही त्यांच्यासाठी प्रवासातच माणसं जोडणं हा मोठा आधार आहे. शिकागोच्या गाड्यांत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी नेमकं हेच तपासलं होतं. आपलं आपण गप्प बसलो तर प्रवास बरा जाईल, असं लोकांना वाटत होतं. प्रत्यक्षात शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला.

आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती या सगळ्यात मोठी वाटते. माणसाला आपण कुणाला तरी हवे आहोत, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, एवढं कळलं की तो खूप सोसतो. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली. आनंदवन त्यातूनच उभं राहिलं. तिथं आलेली माणसं कुष्ठरोगानं झिजलेली तर होतीच, पण घरानं आणि गावानं टाकलेली होती. औषधानं रोगजंतू मरतात, टाकलेपणा मरत नाही. बाबांनी त्यांना नुसतं जेवू घातलं नाही, काम दिलं. झडलेल्या बोटांच्या हातांनी त्यांनी विहिरी खोदल्या, खडकाळ जमिनीवर शेती केली, माग चालवले, आणि पुढं बाहेरच्या मुलांसाठी तिथं महाविद्यालयही उभं राहिलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्यांच्या दारात गावाची पोरं शिकायला आली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या कामातही मला हेच दिसतं. कोवळ्या वयात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पुढं १९८४ साली त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली आणि चाकाच्या खुर्चीतून शेकडो अपंग मुलांच्या शिक्षणाची, राहण्याची आणि रोजगाराची सोय लावली.

एवढं मोठं काम सगळ्यांना करता येत नाही, हे खरं. पण याचा एक धडा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपण प्रेमापोटी रिकामं बसवतो. “आई, तू बस आता, खूप केलंस.” आधी तिच्या हातातली विळी काढून घेतो, मग गॅसजवळ येऊ देत नाही, मग भाजी आणायला नवी ॲप येतात आणि मंडईतली तिची फेरीही बंद होते. सकाळी उठल्यापासून तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही. वर्षभरात ती खुर्चीत बसून “माझं काय आता” म्हणू लागते, आणि आपण तिला अध्यात्माची पुस्तकं आणून देतो. तिला पुस्तकं नकोत. तिला लसूण सोलायला द्या, नातवाचं पाढे पाठांतर द्या, लोणच्याचा अंदाज तिलाच विचारा आणि ती सांगेल तेवढंच मीठ घाला. जास्त झालं तर झालं. वडिलांच्या हाती वीजबिल आणि बँकेची कामं राहू द्या. त्यांना वेळ लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, पासबुक भरून आणायला अख्खी सकाळ जाते. तीच त्यांची सकाळ असते.

निवृत्तीला आलेल्या वाचकांनी हे आपल्यापुरतं आधीच ठरवून ठेवावं. हार्वर्डच्या त्या अभ्यासातही निवृत्तीनंतर सुखी राहिलेली माणसं ती होती, ज्यांनी कामावरच्या सोबत्यांच्या जागी नवे सोबती मुद्दाम जोडले. आमच्या भागातल्या जुन्या वाचनालयात एक निवृत्त एसटी वाहक रोज सकाळी येतात. कुलूप काढायचं, वर्तमानपत्रांच्या पानांना कोपऱ्यात दोरा ओवायचा, पत्रं लाकडी घोड्यावर चढवायची, परत आलेल्या पुस्तकांची फाटकी पाठ खळ लावून चिकटवायची. शाळेची मुलं मधल्या सुट्टीत येतात तेव्हा कुणाला काय द्यायचं हे त्यांना तोंडपाठ असतं. मानधन नाही. पण ते एक दिवस आले नाहीत तर दाराशी माणसं खोळंबतात. असं काम निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सापडत नाही. दोन-तीन वर्षं आधीपासून आठवड्याचा एक तास देऊन त्यात पाय रोवावा लागतो.

घरातल्या बाईचा मंगळवार वेगळा विचारायला हवा. कितीतरी घरांत सगळ्यांचं सुख एकटीच्या थकण्यावर उभं असतं. तिचा दिवस पाचला सुरू होतो आणि ओटा पुसल्यावर संपतो. त्यात तिचा स्वतःचा अर्धा तास कुठं आहे, हे कागदावर मांडून बघा. नसेल, तर तिला सुखाचे लेख वाचायला देण्याआधी संध्याकाळची भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

हाताला छंद असावा. लेखक अनिल अवचट मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारखं कष्टाचं काम बघत होते, व्यसनात बुडालेल्या घरांची दुःखं रोज ऐकत होते, आणि त्याच जोडीला कागदाच्या घड्या घालत होते, लाकूड कोरत होते, बासरी वाजवत होते. त्यात प्रावीण्य मिळवायचं, प्रदर्शन भरवायचं अशी अट नव्हती. हातात काम असलं की मन फार भटकत नाही. किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. जवळजवळ निम्मा वेळ मन भलतीकडंच असायचं आणि तेव्हा माणसं कमी खूश असायची. रांगोळी, विणकाम, कुंडीतली मिरची, तबला, काहीही चालेल. तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत असू द्या.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगायलाच हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, जगणं नको वाटतं, अशी अवस्था असेल तर तो सुखाच्या शोधाचा प्रश्न राहत नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. छंद लाव, फिरायला जा, सकारात्मक विचार कर, असे सल्ले त्या माणसाला देऊ नका. ते जमत नाही म्हणून तो स्वतःला आणखी दोष देतो. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. आपल्या माणसाला तिथं एकट्याला पाठवू नका. त्या दिवशी रजा टाका, केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, आणि पुढच्या तपासणीची तारीख तुमच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा.